आप्पांचा सायफन

घरातला नळ ठिबकायला लागला तर ती गोष्ट कंपाउंडच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमच्या देवपुरातल्या कॉलनीचा अलिखित कायदा. तरी बातमी फुटतेच. धुणंवाल्या मावशींकडून फुटते, दूधवाल्याकडून फुटते, कधी नळ स्वतःच रात्रभर टपटप करून चुगली करतो. मग सकाळी सातला फाटकाची कडी वाजते आणि बाहेर आप्पा उभे असतात. हातात खताच्या गोणीची शिवलेली थैली, खांद्यावर गुंडाळलेली हिरवी नळी आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "मिस्तरीले कसाले बलावस रे भो? मी शे ना!"

तुमच्याकडेही एक असेलच. जळगावला पिंप्राळ्यात असेल, अमळनेरला असेल, नाव आप्पांऐवजी नाना किंवा बापू असेल. पाना सगळ्यांकडे असतो. आमच्या आप्पांचं वेगळेपण त्या हिरव्या नळीत आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात. आप्पा सायफन घेऊन आले.

आमच्या मोरीतल्या नळाचीच गोष्ट घ्या. आतला वायसर झिजलेला, बस्स. आग्रा रोडच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे चहाच्या किमतीत मिळतो. वायसर बदलायचा तर वरून पाणी बंद करावं लागतं आणि टाकीखालचा कॉक क्षारानं जाम झालेला. साधा माणूस कॉकवर लिंबाच्या सताच्या पाण्यात भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवेल आणि सकाळी हलक्या हातानं फिरवेल. हा उपाय मला आप्पांनीच सांगितलेला आहे. पण त्या दिवशी त्यांना घाई होती. त्यांनी टाकीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत ती चमक आली.

"टाकीच रिकामी करूत."

धुळ्यात ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यालाच या वाक्यातली भीती कळेल. अर्ध्या तासात आमच्या अंगणात शेजारपाजारचे ड्रम, बादल्या, हंडे आणि लग्नातलं एक पातेलं अशी रांग लागली. आप्पा गच्चीवर चढले, नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून गाल आत जाईपर्यंत ओढलं, आणि ठसका लागायच्या नेमक्या क्षणी टोक खाली सोडलं. पाणी धो धो सुरू. "बघ, मोटर नाही, लाईट नाही!" वायसर बदलायला चार मिनिटं लागली. पाणी परत वर चढवण्यात आमची दुपार गेली. नळ मात्र त्यानंतर आजतागायत ठिबकला नाही, हे लिहिताना माझा हात जरा जड होतो.

सायफनचं हे वेड साधं नाही, त्याला इतिहास आहे आणि तो ऐकल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. 1884 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा कोवळा इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. नाशिकहून त्याला खानदेशात धाडलं ते पांझरेच्या एका पाटावर नळांचा सायफन बांधायला, साक्री तालुक्यातल्या दातर्तीला. पुढे तो म्हैसूरचा दिवाण झाला, 1955 साली भारतरत्न झाला. पण आप्पांच्या लेखी हे सगळं नंतरचं. "सुरुवात कुठे? आपल्या पांझरेवर!" असं म्हणून ते छातीवर हात ठेवतात, जणू त्या दिवशी पान्हे पुढे करायला हेच होते.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आप्पा, तो नदीखालून जाणारा सायफन. पाणी नळातून खाली उतरतं आणि पलीकडे थोड्या खालच्या पातळीला वर येतं. तुमचा तर टाकीच्या काठावरून उडी मारून खाली जातो. दोन्ही एक कसे?"

आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तो उलटा, माझा सुलटा. तत्त्व एकच, उतार! बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या खाली पाहिजे आणि नळीत हवा नको. एवढं दोन गोष्टींचं शास्त्र आहे, त्याला इंग्रजीत पुस्तकं लिहितात लोक."

उन्हाळा हा आप्पांचा खरा हंगाम. एप्रिल लागला की खानदेशात प्रत्येक खिडकीला कूलर चढतो आणि प्रत्येक कूलरला काहीतरी होतं. आप्पांची फेरी सुरू होते. गवताच्या ताट्या हातानं दाबून बघायच्या, कडक झाल्या असतील तर फेकायच्या. क्षार चढलेल्या ताटीतून वारा येतो, गारवा येत नाही. कूलरसमोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवायचं, नाहीतर खोलीतच दमट हवा फिरत राहते आणि माणूस वाफेत शिजतो. गारवा पाण्याचा नसतो, पाणी उडून जाण्याचा असतो. म्हणून मे महिन्यात जो कूलर देवासारखा वाटतो तोच जुलैत नुसता आवाज करतो. हे सगळं आप्पा सांगतात, आणि खरं सांगतात. पंप लावायच्या आधी प्लग काढायला ते विसरत नाहीत. माझ्या एका मेहुण्यानं ते विसरून जो झटका खाल्ला, त्याचं वर्णन आप्पा दरवर्षी जरा वाढवून करतात.

पण कूलरचं पाणी आठवड्याला बदलायचं असतं, डासांसाठीही आणि क्षारासाठीही. आणि ते बदलायचं कसं? कूलरच्या तळाशी कंपनीनं बूच दिलेलं असतं. आप्पा त्या बुचाला हात लावत नाहीत. नळी काढतात. माई, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडतात, "आहो, बूच शे ना त्याले!" आप्पा तोंडात नळी असल्यामुळे उत्तर देऊ शकत नाहीत. हा त्यांच्या संसारातला सर्वांत शांत काळ असावा.

जळगाव ही आप्पांची काशी. मुलगी तिथे दिलेली आहे हे निमित्त; खरं आकर्षण ठिबकच्या नळीचं. रॉकेल विकण्यापासून सुरुवात केलेल्या भवरलाल जैनांनी तिथे पीव्हीसी पाइप आणि ठिबकचा जो पसारा उभा केला, त्यामुळे जळगावात नळीचा तुकडा ज्याच्याकडे नाही असं घर शोधावं लागेल. केळीच्या बागेतून निघालेली जुनी लॅटरल तिथे तारेऐवजी, दोरीऐवजी, पडद्याच्या दांडीऐवजी लागते. आप्पा परत येतात तेव्हा एस.टी.च्या टपावर त्यांचं वेटोळं असतं आणि मांडीवर भरताची वांगी. मुलीनं वांगी दिली, नळी यांनी मागितली.

गच्चीवरच्या कुंड्यांना त्यांनी ठिबक केलं तो उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. बादली स्टुलावर, तिच्यातून लॅटरल, प्रत्येक कुंडीला ड्रिपर. ड्रिपरवर लिहिलेलं : तासाला चार लिटर. पहिल्या कुंडीतला मोगरा पोहत होता, शेवटचा गुलाब कोरडा ठणठणीत. ड्रिपरला दाब लागतो, स्टुलावरच्या बादलीला तो कुठून येणार, हे आप्पांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना मान्य नव्हतं. शेवटी त्यांनी औषधाच्या दुकानातून कोऱ्या सलाईनच्या नळ्या आणल्या, चाक फिरवून थेंब मोजता येतो त्या. दुकानदारानं काळजीनं विचारलं, "पेशंट कोण, आप्पा?"

"गुलाब."

"सिरियस आहे का?"

"पानं गळून राहिली."

दुकानदारानं दहा टक्के सूट दिली. त्याचा काय समज झाला हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. गुलाब मात्र वाचला. बुडाशी केळीची वाळकी पानं अंथरली होती म्हणून ओल टिकली, असं माई म्हणतात. आप्पा श्रेय सायफनला देतात, कारण बादली भरली होती सायफननं.

या माणसाचा राग येतो तो उगाच नाही. आमच्या घरावरचा मजला बांधताना त्यांनी गवंड्याला सळो की पळो करून सोडलं. कोबा सुरू झाला आणि आप्पा पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन हजर. एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला थांबतं, त्यावरून खुणा करायच्या. ढाळ शंभराला एक पाहिजे, तोही पाइपाच्या तोंडाकडे. एका कोपऱ्यात बोटभर कमी निघाला. आप्पांनी ओला कोबा उकरायला लावला. गवंडी म्हणाला, "आप्पा, गच्ची तुमची आहे का?" आप्पा म्हणाले, "पाऊस माझ्या ओळखीचा आहे."

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी कॉलनीतल्या निम्म्या घरांच्या छताला ओलीचे नकाशे उमटलेले. आमच्या छतावर टिपूस नाही. आप्पा आले, वर पाहिलं, काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. ते जास्त सोसलं असतं.

हे ढाळाचं वेड कुठून आलं ते एकदा लाईट गेलेली असताना कळलं. आप्पांचे आजोबा पांझरेकाठच्या एका गावात पाटकरी होते. फड पद्धत तुम्हाला पुस्तकातून माहीत असेल : नदीवर बंधारा, तिथून पाट, गावची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेकडो वर्षं हे चाललं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, सगळे गावानंच नेमलेले. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा. बांध फुटला तर जो जवळ असेल तो पहिला उडी मारायचा. घराचं धाबंही असंच. पावसाआधी खारी माती आणून सगळी भाऊबंदकी एकमेकांच्या धाब्यांवर चढायची. "तेव्हा मिस्तरीले बलावत नव्हते," आप्पा म्हणाले. "शेजाऱ्याले बलावत होते." मग लाईट आली आणि त्यांनी लगेच विचारलं, की तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी टाकलं.

गेल्या वर्षी मुलानं त्यांना पुण्याला नेलं, कायमचं. चौदावा मजला. तिथे आप्पांनी पाहिलं की नळ भिंतीत गाडलेले आहेत, कॉक कुठे आहे हे घरमालकालाही ठाऊक नाही. एक नळ ठिबकला. मुलानं मोबाइलवर तक्रार टाकली. टाय लावलेला पोरगा आला, नळाकडे बघून म्हणाला, "पूर्ण सेट बदलावा लागेल, सर." हजारो रुपये. आप्पांनी थैलीतून वायसर काढून पुढे केला, पोरानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे काय असतं?" बाल्कनीतल्या झाडांना टायमरवर आपोआप पाणी जायचं. भिंतीला खिळा ठोकायचा तर सोसायटीची लेखी परवानगी. शेजारी सहा महिने राहूनही आडनाव कळू न देणारे. चौदाव्या मजल्यावरून सायफन सोडला तर खाली केवढा जोर येईल, हे ते सुनेला समजावून सांगायला लागले तेव्हा मुलानं गॅलरीला कुलूप लावलं म्हणे. आप्पा पंधरा दिवसांत धुळ्याच्या बसमधून उतरले. कॉलनीत बातमी पोचली. त्या संध्याकाळी गल्लीतले तीन नळ एकाच वेळी ठिबकत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे गेल्या, आणि त्यातले दोन तर धडधाकट होते.

आता गुडघ्यांमुळे शिडी बंद आहे. डॉक्टरांनी बंद केली, माईंनी ती शिडी विकून टाकली. म्हणून आप्पा खाली खुर्ची टाकून बसतात आणि वर जायचं काम माझ्याकडे आलं आहे. परवा त्यांच्या कूलरचं पाणी काढायचं होतं. मी बुचाकडे हात नेला.

"हात काढ. नळी धर."

मी नळी तोंडात धरली.

"ओढ. अजून. घाबरतोस काय, गाल आत घे!"

पाणी आलं ते थेट घशापर्यंत. मी खोकत नळी खाली सोडली. धार सुरू झाली. आप्पा खुर्चीतून पुढे वाकले.

"खारं शे का?"

"भयंकर."

"मंग गुलाबले देऊ नको. मोरीत सोड."