फॉरवर्डचं अप्रेझल

पिंपळे सौदागरात हॉकी फारशी खेळली जात नाही, हॉकीवर बैठका होतात. खेळ चालतो नदीपलीकडे, नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर, महापालिकेच्या टर्फवर. पण तिथे खेळणाऱ्या एका संघाचे आश्रयदाते कुणाल आयकॉन रोडच्या आसपास राहतात. त्यामुळे संघाचं भवितव्य एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ठरतं, एसी लावून आणि क्रीमची बिस्किटं मांडून. गेल्या रविवारी विषय एकच होता. संघातल्या एकोणीस वर्षांच्या फॉरवर्डला पुढच्या हंगामासाठी ठेवायचं की नारळ द्यायचा?

संघाचं नाव छापत नाही आणि पोराचंही नाही. असा एक पोरगा प्रत्येक संघात असतोच. सरावाला त्याचा हात बघितला की म्हातारे प्रशिक्षक चष्मा पुसतात. तो चेंडू स्टिकला चिकटवून निघतो, तिघांना चकवतो, आणि चौथा समोर आला की पास द्यायचं विसरून त्यालाही चकवायला जातो. चौथा मात्र चकत नाही. हंगामभरात गोल दोन. त्यातला एक गोलकीपरच्या पॅडला लागून आत गेला, म्हणून काही सभासद एकूण दीडच धरतात.

बैठकीची सूत्रं संघाच्या मानद सल्लागारांकडे होती. ते हिंजवडीत एका कंपनीत दीडशे माणसांचं अप्रेझल करतात, आणि हे दोन शिफ्टच्या मध्ये उरकायचं एकशे एक्कावन्नावं होतं. त्यांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. पडद्यावर एक्सेल उगवलं.

‘‘प्लेअर नंबर नऊ. टार्गेट किती होतं?’’

प्रशिक्षक म्हणाले, ‘‘हॉकीत तसं टार्गेट नसतं, साहेब.’’

‘‘मग हंगामाच्या सुरुवातीला त्यानं सही कशावर केली?’’

‘‘स्टिक मिळाली म्हणून वहीत केली होती.’’

सल्लागारांनी खेदानं मान हलवली. पुढच्या रकान्यात त्यांना सापडलं की हा मुलगा दर सामन्यात बराच वेळ बेंचवर असतो. हे वाचून ते खरोखर हादरले. हिंजवडीत बेंच म्हणजे प्रोजेक्ट नसताना बसून पगार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! ‘‘बेंचवर? कधीपासून? आणि आपण त्याचा प्रवासभत्ता देतोय?’’ प्रशिक्षकांनी सांगून पाहिलं की पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, फॉरवर्डनं काही मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर येऊन श्वास घ्यायचा आणि पुन्हा आत जायचं, आताची हॉकी अशीच खेळतात. सल्लागारांनी ‘युटिलायझेशन लो’ असं टिपून घेतलं.

मग प्रशिक्षकांनी आपल्याकडचा एकमेव हुकमाचा पत्ता टाकला. ‘‘पेनल्टी कॉर्नर बघा ना, साहेब. हा पोरगा डीमध्ये घुसतो. बचाववाला घाबरतो, चेंडू त्याच्या पायाला लागतो, पंच कॉर्नर देतात. मग आपला ड्रॅग फ्लिकवाला येतो आणि गोल मारतो. हंगामातले निम्मे कॉर्नर ह्या पोरानं आणलेत.’’

‘‘ते कुठल्या कॉलममध्ये आहे?’’

कुठल्याच नव्हतं. गोलफलकावर गोल करणाऱ्याचं नाव लागतं, कॉर्नर मिळवणाऱ्याचं लागत नाही. बातमीत येत नाही, बक्षीस समारंभात तर त्याला मागच्या रांगेत उभं करतात. रकानाच नाही म्हटल्यावर सल्लागारांचा नाइलाज झाला.

हाच हिशेब जरा मोठ्या मैदानावर लावून बघू. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतानं आठ सामन्यांत 15 गोल केले आणि कांस्यपदक आणलं. त्यातले 10 गोल एकट्या हरमनप्रीतसिंगचे, आणि तो बचावपटू. उरलेल्या पाचातला एक मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादचा. म्हणजे अभिषेक, सुखजीत, मनदीप, ललित आणि गुरजंत ह्या पाच फॉरवर्डच्या नावावर आठ सामन्यांत मिळून चार गोल. दोघांच्या रकान्यात तर भोपळाच. आमच्या क्लबहाउसच्या नियमानं पाचही जणांना विमानतळावरच सुधारणेसाठी नव्वद दिवसांची नोटीस हातात द्यायला हवी होती. देशानं त्याऐवजी हार घातले. हरमनप्रीतकडे कॉर्नर आपोआप चालत आले नव्हते, हे देशाला बहुधा कळलं असावं. किंवा पदक दिसल्यावर देशानं एक्सेल उघडलंच नसेल.

ह्यातला खरा विनोद मात्र सल्लागारसाहेबांच्याच घरातला आहे. लिफ्टमध्ये भेटले की गेली चार वर्षं ते एकच गाऱ्हाणं सांगतात. रात्री जागून सगळं काम ह्यांच्या टीमनं केलं, आणि क्लायंटसमोर डेमो देऊन बढती दुसऱ्यानंच नेली. ‘‘बघणाऱ्याला शेवटचं क्लिकच दिसतं हो,’’ असं ते सहाव्या मजल्यापासून पार्किंगपर्यंत बोलत असतात. आयुष्यभर कॉर्नर मिळवत आलेला हा माणूस त्या दिवशी प्रोजेक्टरसमोर उभा राहून कॉर्नर मिळवणाऱ्यालाच शून्य गुण देत होता. त्यांना आरसा दाखवावा असं मनात आलं होतं, पण बिस्किटं त्यांनीच आणली होती.

चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या सभासदांनी तेवढ्यात हात वर केला आणि ‘‘सलग तीन महिने रिजेक्शन येत असेल तर लॉट परत पाठवायचा असतो,’’ एवढं बोलून खाली बसले. लॉट परत कुठं पाठवायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही. पोराच्या आईकडे असेल.

खजिनदारांची तयारी जास्त होती. त्यांनी हॉकी इंडिया लीगच्या लिलावाचा अभ्यास करून आणला होता. ऑक्टोबर 2024 मध्ये झालेल्या त्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला 4 कोटी रुपये होते, संघात 24 खेळाडू, आणि त्यात किमान चार ज्युनिअर घ्यायची सक्ती. सर्वांत महाग गेला तो हरमनप्रीतच, 78 लाखांना. ‘‘म्हणजे पैसा गोलालाच आहे,’’ खजिनदारांनी निष्कर्ष काढला. मला त्यांच्याच कागदावरचा दुसरा आकडा जास्त बोलका वाटला. चार पोरं घ्या असं जिथे नियमात लिहून ठेवावं लागतं, तिथे मालकांच्या मर्जीवर सोडलं असतं तर किती घेतली गेली असती? जाता जाता, त्या मोसमात पुरुषांचे आठ संघ उतरले आणि महिलांचे चार. महाराष्ट्राचा त्यात एकही नव्हता. आपण फॉरवर्ड ठेवायचा की नाही यावर दोन तास घालवले. संघच नाही, ह्यावर आजवर एकही बैठक झालेली नाही.

आणि मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी म्हणालं, ‘‘अहो, आपल्याकडे धनराज झालाय! इथं खडकीचा! त्याच्यासारखे गोल हा कधी मारणार?’’

पिंपरी-चिंचवडमध्ये हॉकीवरची कुठलीही चर्चा दहाव्या मिनिटाला धनराज पिल्लेवर येते आणि तिथेच संपते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत तुटक्या स्टिकांना दोरी गुंडाळून खेळलेला पोरगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला, म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? पण आमचे प्रशिक्षक त्या दिवशी पेटले होते. त्यांनी विचारलं, ‘‘धनराजचे गोल किती?’’

क्लबहाउसमधल्या सगळ्यांनी एकदम मोबाइल काढले. सामने सापडले, 339. गोल सापडेनात. ज्याला जो आकडा मिळाला तो शेजाऱ्याच्या आकड्याशी जुळेना. कारण साधं आहे. धनराजच्या काळात हॉकी महासंघानं गोलांचा धड हिशेबच ठेवला नव्हता. गेल्या अर्धशतकातल्या आपल्या सर्वांत लाडक्या फॉरवर्डनं देशासाठी नेमके किती गोल केले, हे अधिकृतपणे कुणालाच सांगता येत नाही. सल्लागारांनी प्रामाणिकपणे धनराजच्या नावाची ओळ एक्सेलमध्ये घातली. गोल : रिकामं. ऑलिंपिक : चार. ऑलिंपिक पदकं : शून्य. यंत्रानं त्या ओळीला आपोआप लाल रंग दिला.

आणि चांगलं खेळलं म्हणजे संघात राहतो, असं मानणाऱ्यांनी 1998 आठवावं. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं. परत आल्यावर पुढच्या मालिकेसाठी संघ निवडला तेव्हा धनराज आणि त्याचे अनेक ज्येष्ठ सहकारी त्यात नव्हते. मानधनावरून तोंड उघडलं होतं ना! गोल न करणाऱ्याला काढायला निदान एक कारण तरी असतं. सुवर्ण आणणाऱ्याला काढायला मात्र खास प्रतिभा लागते, आणि ती आपल्याकडच्या समित्यांत कधीच कमी पडली नाही.

2012 ची वर्ल्ड सिरीज हॉकी आठवते का? तेव्हा आपलाही एक संघ होता, पुणे स्ट्रायकर्स, आणि त्याचं घरचं मैदान हेच आपलं नेहरूनगर. संघ थेट अंतिम फेरीत गेला आणि शेर-ए-पंजाबकडून 5-2 असा हरला. पुण्याचा संघ पिंपरीत खेळत होता त्याच स्पर्धेत खडकीचा धनराज वयाच्या 43 व्या वर्षी उतरला. कर्नाटकाकडून. एवढं होऊनही अंतिम फेरी गाठणाऱ्या पुणे स्ट्रायकर्सला पुढच्या वर्षी कुणी ठेवलं नाही, कारण स्पर्धाच ठेवली नाही. पहिला हंगाम तोच शेवटचा.

बैठकीत अध्यक्षस्थानी एक आजोबा होते. आमची बी विंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी होती, म्हणून त्यांना तहहयात मानद अध्यक्ष केलंय आणि म्हणूनच त्यांना कुणी काही विचारत नाही. तरुणपणी ते कुस्त्या करत. दोन तास डोळे मिटून बसल्यावर ते बोलले.

‘‘तालमीत पोरगं घातलं की पयली तीन वर्सं नुसता खुराक आन् म्हेनत. तवा इचारत न्हाईत, किती कुस्त्या मारल्या म्हनून. फडात कवा सोडायचं त्ये वस्ताद ठरवतो, खुराकाचं पैसं देनारा न्हाई. तुमी वस्तादालाच खुर्ची दिली न्हाई बसाया.’’

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. प्रशिक्षक खरंच दोन तास उभे होते. लगेच खुर्ची आणवली, पण तोवर त्यांची नेहरूनगरला सरावाची वेळ झाली होती.

आता सगळा दोष समितीचा म्हटलं की सदर लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. पण पोरगाही काही संत नाही. मी त्याचे सामने पाहिलेत. चेंडू गेला की हा कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि पंचाकडे बघतो. आजच्या हॉकीत फॉरवर्ड हा पहिला बचावपटू असतो. चेंडू गमावला तर त्यानंच आधी मागे धावायचं, निदान समोरच्याचा रस्ता अडवायचा. हे ह्या पोराला माहीत आहे आणि तरी तो करत नाही. सरावाला उशिरा येतो, आणि पास दिला नाही म्हणून कुणी बोललं की तोंड फुगवतो. ह्याबद्दल त्याला जरूर बाहेर बसवा. एक अख्खा सामना बसवा, दोन बसवा, आणि का बसवलं तेही सांगा. पण त्याच्या दोन गोलांबद्दल त्याला काढू नका. त्या वयात गोल येतात-जातात, पण तिघांना चकवणारा हात कोचिंग क्लास लावून मिळत नाही. चौथा समोर आल्यावर पास द्यायचा असतो, हे शिकवता येतं.

शिवाय सहन करायची आपली शक्ती इतर बाबतींत केवढी अफाट आहे, तेही बघा. ह्या शहरात नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं पुढची वर्षानुवर्षं संघात टिकून राहिलं, कुणी त्याचं अप्रेझल केलं नाही. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणुका लांबतच गेल्या. अख्खा संघ मैदानाबाहेर होता आणि प्रेक्षकांनी साधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. तेवढ्या सहनशीलतेचा शंभरावा हिस्सा नदीपलीकडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आला, तर त्याचे आणखी दोन हंगाम आरामात निघतील.

माझा निकाल हा असा आहे. पोरगा ठेवा. एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा, ‘मिळवलेले कॉर्नर’. दुसरा रकाना ‘चेंडू गमावल्यावर मागे धावला का’ असा करा, आणि हे दोन्ही रकाने मैदानावर बसून भरा, क्लबहाउसमध्ये नाही.

समितीचा निकाल वेगळा आहे. बहुमतानं ठराव झाला की खेळाडूच्या कामगिरीचा सर्वंकष अभ्यास करण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमावी. पाचांपैकी तिघांनी अजून त्याला खेळताना पाहिलेलं नाही, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत असं इतिवृत्तात नोंदवलंय. उपसमितीची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला, क्लबहाउसमध्ये. संघाचा सामनाही त्याच दिवशी आहे, साडेदहाला, नेहरूनगरला. तुम्ही सामन्यालाच या. तिकीट नाही आणि बसायला भरपूर जागा असते.