पेन आम्ही आमचं घेतो

आमच्या नानांना चेक लिहायचा असला की आधी टेबल मोकळं लागतं. पाण्याचा तांब्या दूर, पंखा बंद, चष्मा पुसलेला. सोसायटीच्या मेंटेनन्सचे जेमतेम अडीच हजार द्यायचे असतात, पण थाट जमीन नावावर करून देत असल्याचा.

पहिल्यांदा डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा, पट्टीने, आणि त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी'. मग 'ऑर बेअरर'वर काट. नाव अगदी डावीकडे, एसटीत खिडकीशी सरकून बसावं तसं. उरलेल्या जागेत शेवटपर्यंत आडवी रेघ. आकडा चौकोनाच्या भिंतीला खेटून. अक्षरी रक्कम मराठीत, आणि तिच्या शेपटीला 'फक्त'.

या 'फक्त'वर नानांचा फार जीव. त्यामागे खानदानी कारण आहे. माझे पणजोबा सांगलीला हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, आणि हुंड्या लिहायचे. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. आकडी हजार, अक्षरी एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे, असा सगळा पाढा असायचा. कुणी हजाराचे दोन हजार केलेच, तर निम्म्याचे पाचशे लगेच चहाडी करणार! शहाजोग हुंडीचे पैसे तर पेठेतल्या पत असलेल्या शहालाच मिळत. नाना म्हणतात, आपल्या दोन तिरप्या रेघा म्हणजे तीच शहाजोग. फक्त शहाच्या जागी आता बँक आलीय.

कायदाही अक्षरांच्याच बाजूचा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं अठरावं कलम सांगतं की आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरं खरी. प्रत्यक्षात बँक असा चेक सरळ परत पाठवते, ती गोष्ट वेगळी.

परत आलेल्या चेकचा नानांना एकदाच अनुभव आला. नावात एक अक्षर चुकलं, त्यांनी ते खोडून शेजारी रीतसर सही केली. चेक तरीही परत. आता चेक स्वतः गावोगाव हिंडत नाही, त्याचं चित्र हिंडतं, त्यामुळे नाव किंवा रक्कम यांतली खाडाखोड चालत नाही, असं मी समजावलं. नाना दिवसभर घुश्शात. "स्वतःची चूक सहीनिशी कबूल केली, तरी ऐकायचं नाही म्हणजे काय?"

मला या सगळ्या सोपस्काराची गंमत वाटायची. ती परवाच्या पोरापर्यंत टिकली.

मी एक कर्ज घेत होतो. त्यासाठी रद्द केलेला चेक न्यायला एक तरुण घरी आला. घामाघूम, पाठीला सॅक, अत्यंत नम्र. चहा झाला. मी चेकबुक उघडलं, तर त्याने तत्परतेने खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्यापुढे धरलं. कोपऱ्यातून आवाज आला, "चहा तुम्ही आमचा घ्या, पेन आम्ही आमचं घेतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांनी माझ्या हातात त्यांचं बॉलपेन दिलं, मी चेकभर दोन रेघा मारून 'कॅन्सल्ड' लिहिलं आणि सवयीने सही करायला गेलो, तर मनगटच धरलं गेलं. "रद्द चेकवर सही कशाला? त्यांना खात्याचा नंबर हवाय, तुझी सही नकोय."

पोरगा गेल्यावर मी भांडलो. नाना शांतपणे म्हणाले, "त्याच्यावर माझा काही राग नाही. पण पुसली जाणारी शाई मिळते बाजारात. 'कॅन्सल्ड' उडालं आणि सही राहिली, तर उरतो तो कोरा चेक." पोरगा बिचारा प्रामाणिकच असणार. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर मला 'सर' म्हटलं तेव्हा मला उगीचच कसंतरी झालं. पण तेव्हापासून माझ्या खिशातही पेन असतं.

पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आलंय. चेक दिला की त्याचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपण बँकेला आधीच कळवून ठेवायची. चेक पोचला की बँक ताडून पाहते. नाना खूश. "निमे आणि दुप्पट म्हणतात ते हेच. तुम्ही त्याला इंग्रजी नाव दिलंत, एवढंच."

गेल्या महिन्यात माझी मुलगी चिमी आठ वर्षांची झाली. नानांनी तिला ५०१ रुपयांचा चेक दिला: क्रॉस केलेला, अकाउंट पेयी, 'फक्त'सकट. चिमीचं कुठेही खातं नाही. म्हणजे जगातला कुठलाही भामटा तो वटवू शकणार नव्हता, आणि चिमीही नाही. चेकची मुदत २०१२ पासून तीनच महिने आहे, हेही मी नानांच्या कानावर घातलं.

"मग उघडू खातं," नाना म्हणाले, आणि चिमीकडे वळले. "पण आधी सांग, पाचशे एकचे निमे किती?"

चिमीने बराच वेळ बोटं मोजली. "अडीचशे... आणि आठ आणे."

"आणि त्याचे दुप्पट?"

"पाचशे एक."

"पुरे," नाना म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले. खिशात पेन आहे ना, ते चाचपून.