दोनशे तीस घोडे सिग्नलला उभे

जुनी परफॉर्मन्स गाडी घेऊ का, असं पुण्यात कोणी विचारलं तर आम्ही डोळे झाकून 'घ्या' म्हणतो. इतकी कमी वापरलेली वस्तू जुन्या बाजारात दुसरी मिळायची नाही. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या हिशेबानुसार पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं लागतात. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. पेन्शनरांचं पुणं होतं तेव्हा हा वेग सायकलवर, तोंडात पान असताना निघायचा. २०१७ साली ज्याने २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस घेतली, त्याने त्यातले तीस फार तर वापरले असतील. उरलेले दोनशे अजून पॅकिंगमध्येच आहेत.

एक्सप्रेस वेचं नाव काढू नका. तिथे मोटारीला मर्यादा शंभरची, आणि ही गाडी शंभरला सात सेकंदांच्या आत पोचते. म्हणजे टोलनाक्यावरून सुटल्यावर सात सेकंदांत हौस संपली. पुढे कॅमेरे मोजत, उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेल्या ट्रकच्या मागून लोणावळा.

तरी लोक घेतात, आणि घेताना घरी खरं कारण सांगत नाहीत. ऑक्टाव्हिया आरएस घेणाऱ्याने घरी २३० हा आकडा उच्चारलेला आमच्या ऐकिवात नाही. तो फक्त ५९० म्हणतो. डिकी ५९० लिटरची आहे. आईची व्हीलचेअर बसेल, गणपतीत कोकणात जाताना पाटासकट सामान मावेल, मागे तिघं ऐसपैस बसतील. दिसायला चारचौघांसारखी सेडान असल्याने घरच्यांनाही शंका येत नाही. संशय येतो तो 'अ‍ॅव्हरेज किती देते?' या प्रश्नाला उत्तर देताना नवरा खिडकीबाहेर बघू लागतो तेव्हा.

पण इंजिन कोरं करकरीत आहे म्हणून हुरळून जाऊ नका. पुण्यात गाडी वेगाने झिजत नाही, थांबून झिजते. पोलो जीटी टीएसआय घ्या. चाकणला बनायची, २०२२ साली पोलो बंद झाली आणि तेव्हापासून विकणाऱ्यांच्या आवाजात एक हुंदका आला आहे. जुन्या १.२ लिटरच्या जीटीला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, आणि त्याचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला. मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखा गुणी क्लच नाही. हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलाखाली मात्र तो पाऊण तास अर्धवट लागलेला, अर्धवट सुटलेला राहतो. घासतो, तापतो, आणि गार करायला तेल नाही. म्हणून अशी गाडी बघायला गेलात तर वेगात पळवू नका. वेगात सगळ्याच चांगल्या चालतात. अर्धा तास वाहतुकीत रांगवा, मग चढावर थांबवून पुन्हा काढा. थरथरली, धक्का देऊन निघाली, तर चहा पिऊन घरी या.

आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा, म्हणून तो गर्दी जास्त सोसतो. पण त्याचं तेल साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं, आणि तो खर्च मालकाला नेमका गाडी विकायच्या आदल्या महिन्यात आठवतो. बिल मागा. 'बिल शोधावं लागेल' या उत्तराचा अर्थ पुण्यात सगळ्यांना कळतो.

तिसरी गाडी रांजणगावची. २०१५ साली आलेली अबार्थ पुंटो, १४५ पीएस, शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. एवढ्या पैशांत एवढी ताकद तेव्हा कोणी देत नव्हतं, आणि फियाटलाही ते परवडलं असं दिसत नाही. कंपनीने इथे गाड्या विकणं थांबवून बरीच वर्षं झाली. या गाडीचा मालक तुम्हाला दोन मेकॅनिक आणि तीन स्पेअर पार्टवाल्यांचे नंबर गाडीसोबत मोफत देईल. त्याला सौजन्य समजू नका. गाडीची जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि ताशी २५ ने आरामात ओलांडता येईल असा हवा. आपल्याकडचा गतिरोधक कामावर उरलेल्या मालाइतका उंच असतो. तेव्हा आधी गाडीखाली वाका. चेंबरवर ओरखडे किती, वेल्डिंगची खूण आहे का, ते बघा आणि मगच सनरूफबद्दल विचारा. (अबार्थला सनरूफ नाही. तरी लोक विचारतात.)

विकणाऱ्याबद्दलही दोन शब्द. तो डॉक्टर असतो किंवा गाडी डॉक्टरची असते. आठवड्यातून एकदाच निघते, सर्व्हिस शोरूमलाच होते. तुम्ही पोचायच्या आधी तो ती गरम करून ठेवतो, कारण थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत खरं बोलून जातं. नमस्काराआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर 'उद्या सकाळी येतो, चालू करू नका' म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. मीटरवर अठ्ठावीस हजार असतील, पण मीटर मागे फिरवणाऱ्याला सीट मागे फिरवता येत नाही. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिच्यावरून माणूस रोज घसरत उतरतो, ती चपटी झालेली असते. ब्रेकच्या पॅडलचं रबर एका कोपऱ्यात गुळगुळीत असतं. टायरवर चार आकडी नंबर असतो, आधी आठवडा, मग वर्ष. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही. मालक कसा आहे ते चाकांनीच सांगितलं.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते खरी. मग एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एजंट असे तिघे मिळून फरक भरून काढतात. बँकेचा बोजा उतरलाय का आणि गाडीच्या नावावर किती ई-चलान आहेत, हे आधी बघा. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदाच निघतात म्हणे, आणि दंडाच्या पावत्या मात्र सोमवार ते शनिवारच्या.

शेवटी सौदा ठरतो आणि मालक माळ्यावरून एक मोठं खोकं खाली आणतो. गाडीला आता जे सायलेन्सर, फिल्टर आणि स्प्रिंग आहेत, ते कंपनीचे नाहीत. कंपनीचे या खोक्यात आहेत. कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल कायद्याला चालत नाहीत, आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात पाहिले आहेत. मालक म्हणतो, "पासिंगच्या वेळी लावायचं, परत काढायचं. दोन तासांचं काम." खोकं तिथल्या तिथे उघडा. कंपनीचा सायलेन्सर नसेल तर वीस हजार कमी करा म्हणावं. तो पाचवर येईल, आणि खोकं मात्र परत मागेल.