तुम्ही एकटे नाही

विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलाला एकटं वाटू नये, याची सरकारी सोय झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिकाच काढली. त्यानुसार सभागृहात दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, आणि व्यासपीठावरचे मान्यवर आळीपाळीने सांगतात, की तुम्ही एकटे नाही. खरंच आहे. निम्मी मुलं खुर्च्यांअभावी उभी असतात.

मार्गदर्शक प्राध्यापकही नेमलेले असतात. बहुधा तासिका तत्त्वावर. पुढच्या वर्षी आपण इथे असू का, या धास्तीत तेच मुलाला सर्वांत जवळचे.

बाकी परभणीकडून पुण्यात आलेल्या पोराला खरा आधार मेसचा.

"कुठला रे तू?"

"जिंतूरचा."

"आयला, माझी मावशी सेलूला!"

झालं. आठवड्याभरात त्याला कॉट बेसिसवर जागा, जुनी सायकल, मागच्या वर्षीच्या नोट्स मिळतात. 'कमवा व शिका'चा फॉर्म कुठल्या खिडकीवर, साहेबांच्या चहाआधी की नंतर द्यायचा, हे ज्ञानही. गावी ज्यांच्याशी बांधावरून कोर्टकज्जा, त्यांचाच मुलगा इथे परीक्षेच्या फीला पैसे उसने देतो.

फक्त हे टेबल जिल्हावार भरतं, आणि थोडं खोदलं की आडनाववार. "पूर्ण नाव काय?" असं भाजी वाढताना अगदी सहज विचारलं जातं. उत्तर ऐकून कुणी आणखी एक पोळी वाढतं, कुणी आपलं ताट जरा सरकवून घेतं. त्यासाठीही आयोगाने 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष सांगून ठेवला आहे. तक्रार लेखी हवी. पहिला रकाना: पूर्ण नाव.