‘स्पॅममध्ये बघा की’

चादरी, टॉवेल किंवा शेंगाचटणी विकणाऱ्या छोट्या वेबसाइटवर पैसे भरले की ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ असं पान येतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: ‘मेल आला नसल्यास स्पॅम फोल्डर तपासा.’ ही ओळ मला अतिशय खटकते. आपला मेल धड पोहोचत नाही हे दुकानाला ठाऊक आहे, आणि तो शोधायचं काम गिऱ्हाइकावर टाकलेलं आहे, असा तिचा सरळ अर्थ होतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कारखानदार नगाला एक धागा सुटला तरी माल बाजूला काढतो. त्याच कारखान्याच्या वेबसाइटवर मात्र निम्मं काम अर्धवट सोडल्याची पाटी बिनदिक्कत लावलेली असते.

सोलापुरातल्या अशा काही वेबसाइटची देखभाल मी करतो, म्हणून ही तक्रार माझ्या रोजच्या कामातली आहे. फोन ठरलेला असतो. गिऱ्हाइकानं टॉवेलचे पैसे भरले, खात्यातून रक्कम गेली, मेल आला नाही. ते घाबरतं आणि दुकानात फोन करतं. दुकानातला माणूस म्हणतो, ‘अहो, स्पॅममध्ये बघा की.’ गिऱ्हाईक नागपूरचं किंवा बेळगावचं, वय साठीच्या पुढचं, नातीकडून ऑर्डर टाकून घेतलेली. स्पॅम फोल्डर म्हणजे काय हे त्या बाईंना फोनवर कोण समजावणार? आणि त्यांनी ते का समजून घ्यावं? पैसे मिळाले एवढं सांगायची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची आहे.

यात बिघडतं काय, ते नीट सांगायला हवं, कारण दुकानदाराला ते कोणीच सांगत नाही. वेबसाइट जिथे ठेवलेली असते तोच सर्व्हर तिचे मेलही पाठवत असतो. वर्डप्रेसवर केलेली साइट असेल तर वेगळं काही सांगितलं नाही की ती पीएचपीच्या ‘मेल’ या फंक्शनला चिठ्ठी देते आणि मोकळी होते. ते फंक्शन ‘झालं’ असं उत्तर देतं. त्या उत्तराचा अर्थ इतकाच, की त्याच यंत्रातल्या पुढच्या खिडकीनं चिठ्ठी हातात घेतली. ती गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये पडली, असं ते म्हणतच नाही. पीएचपीच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी वेबसाइट करून देणारा माणूस स्वतःच्या पत्त्यावर एक मेल पाठवून बघतो, तो आला की काम झालं म्हणून बिल करतो.

त्यात शेजार असतो. स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे एकाच यंत्रावर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो अनोळखी वेबसाइट. त्यांतल्या एखाद्यानं जुनं प्लगइन वर्षानुवर्षं तसंच ठेवलं, कोणीतरी आत घुसलं आणि तिथून हजारो फसवे मेल सुटले, की तो आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत जातो. मग त्याच पत्त्यावरून निघालेला तुमचा साधा, खरा, दोन टॉवेलांच्या ऑर्डरचा मेलही संशयित ठरतो. यात आपली काहीच चूक नसते. होस्टिंगवाल्यांना कळवलं तर ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे’ असं छापील उत्तर येतं. ते उत्तर खोटंही नसतं, कारण त्यांच्या सर्व्हरवरून मेल निघालेला असतो. पोहोचला का, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या यादीतच नसतो.

मुळात ईमेलची रचनाच भाबडी आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीचे नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावरची माणसं थोडी होती आणि एकमेकांना ओळखत होती. पाठवणारा स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं मानायचं, असा तो व्यवहार. खरं तर १९७८ च्या मे महिन्यात डेक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी संगणकांची जाहिरात अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवून पुढचं चित्र दाखवलं होतं. तरीही पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोय पुढची वीस-पंचवीस वर्षं झाली नाही. झाली तीही तुकड्यातुकड्यांनी: २००६ मध्ये एसपीएफ, २००७ मध्ये डीकेआयएम, २०१५ मध्ये डीमार्क.

ही तीन नावं ऐकली की दुकानदार डोळे फिरवतात. पण सोलापूरकराला यात अवघड काहीच नाही. बाहेरगावच्या मागावरचा माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात विकला जातो, ही आपली जुनी तक्रार. म्हणून तर सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळवावं लागलं. डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, बाबतीत तेच करायचं आहे. आपल्या नावानं माल कुठल्या कारखान्यातून निघू शकतो याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक नगावर शिवलेलं, नक्कल करता न येणारं लेबल म्हणजे डीकेआयएम. आणि यादीत नसलेला, लेबल नसलेला माल आपल्या नावानं आला तर बाजारानं त्याचं काय करावं, ही आपली जाहीर सूचना म्हणजे डीमार्क. स्वतःच्या चादरीसाठी इतका जागरूक असलेला माणूस स्वतःच्या मेलला विनालेबल बाजारात सोडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२४ पासून तर ही चैन राहिलेली नाही. जीमेल आणि याहूनं तेव्हा नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला तिन्ही गोष्टी सक्तीच्या झाल्या, आणि ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवणंही. पण दिवसाला पाच मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असलंच पाहिजे, हे त्याच नियमांत आहे. ‘आपलं दुकान छोटं, आपल्याला कोण विचारतंय’ हे म्हणणं आता चालत नाही.

यावरचा इलाज साधा आहे. वेबसाइटनं मेल स्वतः पाठवूच नये. पानं दाखवणं हे एका यंत्राचं काम आणि मेल पोहोचवणं हे दुसऱ्याचं. वेबसाइटनं ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, नाव आणि पासवर्ड देऊन, मेल एका वेगळ्या मेल सर्व्हरच्या हवाली करावा. तो सर्व्हर फक्त तेवढ्याच कामासाठी ठेवलेला असतो, त्याच्या आयपी पत्त्याची पत राखायला माणसं नेमलेली असतात. समोरचा सर्व्हर अनोळखी पाहुण्याला कधीकधी ‘आत्ता नको, थोड्या वेळानं या’ असं सांगून परत पाठवतो, ४५१ हा आकडा देऊन. चांगला मेल सर्व्हर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा जातो, गरज पडल्यास चार-पाच दिवस जात राहतो. घाईघाईत लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्या नकारालाच मेल टाकून देते आणि कोणाला सांगतही नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेगळ्या सर्व्हरकडे नोंद असते. अमुक वाजता अमुक पत्त्यावर गेला, समोरच्यानं घेतला, किंवा अमुक कारणानं नाकारला. गिऱ्हाइकाचा फोन आला की दुकानातला माणूस ती नोंद बघून नेमकं उत्तर देऊ शकतो.

हे सांगितलं की पहिला पर्याय पुढे येतो तो मालकाच्या फुकटच्या जीमेलचा. ‘माझाच पासवर्ड टाका की त्यात.’ ३० मे २०२२ पासून गूगलनं साध्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं बंद केलं, मग वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो काढला तरी दिवसाला पाचशेची मर्यादा, आणि पाठवणारा म्हणून दुकानाच्या नावाऐवजी मालकाचा खासगी पत्ता दिसतो. दिवाळीच्या आठवड्यात मर्यादा भरली की वेबसाइटचे मेल थांबतातच, मालकाचा स्वतःचा मेलही अडकतो. शिवाय कारखान्याच्या मालकाच्या पत्रव्यवहाराची किल्ली एका वेबसाइटच्या फाइलमध्ये लिहून ठेवणं ही गोष्टच चुकीची आहे.

चौकशीच्या फॉर्मबद्दलची तक्रार तर मी कितीदा केली असेल. हैदराबादच्या एखाद्या हॉटेलवाल्यानं ‘दोनशे टॉवेल हवे आहेत’ असा फॉर्म भरला, की वेबसाइट तो मेल त्या हॉटेलवाल्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखा मालकाला पाठवते. उत्तर देताना पत्ता आपोआप यावा म्हणून कोणीतरी अशी मांडणी केलेली असते. पण सोलापूरच्या वेबसाइटला याहूच्या किंवा जीमेलच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणी दिला? याहूनं तर एप्रिल २०१४ पासूनच असे मेल सरळ नाकारा म्हणून जाहीर करून ठेवलं आहे. पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचा पत्ता आणि ‘उत्तर इथे द्या’च्या जागी हॉटेलवाल्याचा, एवढा एका ओळीचा बदल असतो. तो न केल्यामुळे दोनशे टॉवेलांची चौकशी मालकाला कधी दिसतच नाही, आणि मालक म्हणतो, ‘वेबसाइटचा काही उपयोग नाही हो.’

मेल वेगळा ठेवायचा म्हणजे किती वेगळा, हेही बोललं पाहिजे. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, आणि त्याच महिन्यात जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टील हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन असतं. माझ्या कामातल्या एका निर्यातदाराकडे यात्रेच्या सवलतीचा मेल सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एकदम पाठवला गेला. पाठवला तो मुख्य डोमेनवरून, कोणालाही न विचारता. यादीतले निम्मे पत्ते बंद पडलेले, बऱ्याच जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं. मालक तेव्हा फ्रँकफर्टच्या हॉलमध्ये नमुने दाखवत होते आणि संध्याकाळी बसून त्याच डोमेनवरून खरेदीदारांना दर पाठवत होते. त्यांचे मेल पुढचे काही आठवडे स्पॅममध्ये पडत राहिले. जाहिरातीचा मेल एका उपडोमेनवरून, ऑर्डरच्या पावत्या दुसऱ्यावरून आणि माणसांचा पत्रव्यवहार मूळ नावावरून, अशी विभागणी असती तर सवलतीच्या मेलची बदनामी त्या दरपत्रकांना लागली नसती. हे नुकसान कुठल्याही हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त चीड येते.

आता सगळ्यात त्रासाचा भाग. हे सगळं जोडायचं तर डोमेनच्या नोंदींमध्ये तीन-चार ओळी भराव्या लागतात. काम अर्ध्या तासाचं. पण त्या नोंदींचा पासवर्ड कोणाकडे आहे? ज्या मुलानं वेबसाइट केली तो पुण्याला नोकरीला लागला. डोमेन त्याच्याच नावावर, त्याच्याच जुन्या मेलवर घेतलेलं. त्याचा फोन लागला तर तो ‘रविवारी बघतो’ म्हणतो, आणि त्या मुलाला तरी किती दोष द्यायचा, त्याला त्या कामाचे पैसे केव्हाच मिळून संपले. नवी पेठेतलं दुकान भाड्यानं घेताना करार चार वेळा वाचणारा माणूस डोमेन कोणाच्या नावावर आहे हे एकदाही विचारत नाही.

पासवर्ड मिळालाच, तर आत आणखी पसारा सापडतो. एसपीएफची जुनी ओळ तशीच ठेवून कोणीतरी खाली दुसरी भरलेली असते. एका डोमेनला अशी ओळ एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच चूक ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. शिवाय त्या ओळीतून दहापेक्षा जास्त ठिकाणी चौकशी करावी लागली तरी ती बाद. डीमार्कची ओळ असते, पण ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षं थांबलेली, आणि कळवायचा पत्ता असा, की तो आता कोणी उघडत नाही.

खर्चाची सबब मला मान्य नाही. ॲमेझॉनची मेल पाठवायची सेवा हजार मेलला दहा अमेरिकी सेंट घेते, म्हणजे नऊ रुपयांच्या आसपास. आपल्याकडच्या झोहोचीही अशाच कामासाठी झेप्टोमेल नावाची सेवा आहे. महिन्याला शंभर ऑर्डरी असलेल्या दुकानाला हा खर्च पार्सलच्या चिकटपट्टीइतकाही येत नाही.

म्हणून वेबसाइट करून घेणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला आणि दुकानदाराला माझं एक सांगणं आहे. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर घ्या. मग वेबसाइटवरून एक खरी ऑर्डर टाका, जीमेलवर आलेला मेल संगणकावर उघडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील आणि प्रत्येकीपुढे निकाल लिहिलेला असेल. तिन्हींपुढे ‘पास’ असं दिसत नाही, तोवर शेवटचा हप्ता देऊ नका.