दिवाईनंतर काढतोच

अमरावतीच्या जवाहर रोडवर संध्याकाळी कोणत्याही कापडाच्या दुकानात चहाला टेका, गल्ल्यावरचे शेठ कानाशी येऊन हमखास म्हणतील, "याले आता काढतोच." मी ज्या शेठकडे बसतो, ते अकरा वर्षं हेच म्हणताहेत. आधी लगनसरा निघू द्या. मग शाळेच्या गणवेशांची गर्दी, मग पोया, मग अंबादेवीचं नवरात्र, मग दिवाई. दिवाळीत बोनस द्यावा लागतो, आणि बोनस घेतलेल्या माणसाला भाऊबीजेला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणार कोण?

'हा' म्हणजे सेल्समन. उगवतो साडेअकराला, गालात खर्रा. गिऱ्हाईक साडीवरून हात फिरवत असतं, तोच म्हणतो, "वहिनी, हिचा रंग जाते. मी तं घरी नसती नेली." शेठ डोळे मिटून घेतात. "काहून रे?" विचारलं की उत्तर तयार, "मंग खोटं बोलू का, शेठजी?" (रंग खरंच जातो. मी एक शर्ट नेला होता.)

शेठच्या आजोबांना ही पंचाईत नव्हती. दर्यापूरकडे शेती. सालदार गुढीपाडव्याला ठरे, पुढच्या पाडव्याला साल सरे. नको असेल तर पाडव्याआधी मालकाने नुसतं गप्प बसायचं, गडी समजून जाई. दुकानाला पाडवा नाही, उचल आहे. पोरीचं लग्न, मग घराचा स्लॅब, मग गाडी, असं करत चाळीस हजार झाले. ते फिटेस्तोवर काढता येत नाही, हे शेठपेक्षा त्याला नीट कळतं; म्हणून तो फेडत नाही.

मधे शेठ वकिलाकडे जाऊन आले. महिन्याची नोटीस, शिवाय वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, एवढं ऐकून अकरा गुणिले पंधरा केलं आणि कॅल्क्युलेटर खिशात घातला. एक मात्र गाठीशी बांधून आणलं: 2017चा गुमास्ता कायदा त्या वेळी पुरता लागायचा तो दहा माणसांपासून. तेव्हापासून दुकानात मोजून नऊ.

यंदा उन्हाळ्यात शेठ पेटले. त्याला आत बोलावलं. चहा सांगितला. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. नंतर स्वतःचेच गुडघे चोळत म्हणाले, "असं कर, तू अकोल्याले जाय. माह्या साळ्याच्या दुकानात तुह्यासारखा माणूस पाह्यजे." वर भाड्याला पाचशे.

2022च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं गेलं, गिनीज बुकात नोंद आहे. एक माणूस त्या रस्त्याला लावायला शेठना अकरा वर्षं लागली. तो परतला आठव्या दिवशी. म्हणे, अकोल्याचं ऊन सोसत नाही. जशी काही अमरावती म्हणजे चिखलदरा.

दोन दिवसांनी आणखी एक अनोळखी इसम एसटीतून उतरून आला. हातात डबा आणि साळ्याची चिठ्ठी: 'भाऊजी, माणूस लय गुणाचा आहे, तुमच्याकडेच शोभेल.'

काल चहा आला. शेठनी माणसांचे कप मोजले. दहा. पोऱ्याला म्हणाले, "उद्यापासून एक कमी आणजो."

"कोणाले नाही द्याचा, शेठजी?"

शेठ बराच वेळ कपांकडे पाहत राहिले.

"दिवाईनंतर सांगतो," ते म्हणाले.