आधी बिल कोणी द्यायचं?

हॉटेलात बिल आलं की काही जणांना नेमके तेव्हाच हात धुवायचे असतात. अमेरिकन सरकारने ही कला १९८२ साली चक्क कायद्यात बसवली. त्याआधी मामला सरळ होता. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरवर सही केली, पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना मिळालं आणि पासष्टी गाठलेल्यांच्या दवाखान्याचा भार सरकारने उचलला. पुढे तिजोरीला झळ बसू लागली. तेव्हा लक्षात आलं, की पासष्टीनंतरही पुष्कळ जण कामाला जातात आणि मालकाने त्यांचा गटविमा काढलेला असतो. झालं, सरकार उठलं हात धुवायला. आधी मालकाचा विमा भरेल, उरलंसुरलं आम्ही बघू.

आता मालक काय कच्च्या गुरूचा चेला? तो म्हणणार, "काका, आमचा विमा सोडा, मेडिकेअर घ्या, वरचा हप्ता माझ्याकडे लागला." काका खूश, मालक खूश. म्हणून हे बोलणंच बेकायदा! २० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकाने गटविमा सोडण्यासाठी काकांना लालूच दाखवली, तर त्याला दंड. काका आपखुशीने गेले तर जावोत बापडे, पण त्यांच्या पूरक विम्याचा हप्ता मालकाने भरायचा नाही. (यामुळे वयस्कर कामगाराला कंपनीच्या विम्यातून ढकलून देता येत नाही, असं समर्थक सांगतात. ते खरंच आहे. सरकारचे पैसेही वाचतात, हे जरा हळू आवाजात सांगतात.)

२०च्या आत मात्र सगळं उलटं. तिथे आधी मेडिकेअर, मग मालकाचा विमा. मालकाने रीतसर योजना करून मेडिकेअरचा हप्ता भरून दिला तरी कायद्याची हरकत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या काकांनी पासष्टीचा केक कापण्याआधी ऑफिसातली डोकी मोजावीत हे बरं. त्यातही मेख आहेच. अर्धवेळवाले धरायचे आणि यंदा किंवा गेल्या वर्षी किमान २० आठवडे २० माणसं होती का, ते बघायचं. समजा, गेल्या मार्चमध्ये लागलेली आणि ऑगस्टअखेर सोडून गेलेली रिसेप्शनवरची मुलगी धरली तर २०, नाहीतर १९. काकांच्या बायपासचं बिल आधी कोणाकडे जाणार, ते त्या पोरीवर ठरणार. तिला बिचारीला याचा पत्ताही नाही!

मोजणी चुकली तर? १९ जणांच्या कचेरीत काकांनी पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरच्या बिलांचा भाग, घेतलाच नाही, तर मालकाचा विमा सांगू शकतो, "मेडिकेअरने आपला वाटा दिला असं आम्ही धरून चालतो." डॉक्टरच्या बिलात तो वाटा साधारण ८० टक्के असतो. न दिलेले ते पैसे मग काकांच्या खिशातून.

आणि नोकरी सुटली की ८ महिन्यांत पार्ट बी घ्यायचाच. नोकरी सुटल्यावरही जुना गटविमा चालू ठेवू देणाऱ्या कोब्रा कायद्याखाली विमा आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर फसलात, कारण तो नोकरीतला विमा धरत नाहीत. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर १० टक्के दंड, तोही जवळपास आयुष्यभर. २०२५ साली मूळ हप्ताच महिन्याला १८५ डॉलर होता. हे सगळं नीट समजावून सांगायला आहे कोण? टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा जुना हीरो जो नेमथ "फोन करा" म्हणायचा, पण ती जाहिरात.

वैतागून काका म्हणाले, "मी आपला पुण्याला जातो." जा की! पण मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ दमडी देत नाही. पार्ट बी ठेवला तर कोथरूडात बसून हप्ते भरा. सोडला आणि नातवंडांसाठी परत आलात, तर पुन्हा दंड.

काकूंनी निकाल दिला, "त्यापेक्षा कामावर जात राहा. आणि साहेबांना सांगा, माणसं २०च्या खाली येऊ देऊ नका."